केळीच्या बागेतला नोड आणि एफपीजीए: वाचलेला ज्यूल नेमका कुठून येतो?

प्रश्न असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक गट रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेसाठी नोड (बागेत बसवायचं छोटं संवेदक यंत्र) बनवतो आहे. दिवसा दर दहा मिनिटांनी पानाचा फोटो घेऊन करपा ओळखायचा आणि रात्री आवाज ऐकत राहून रानडुकरं शिरली की शेतकऱ्याच्या फोनवर इशारा द्यायचा. प्रोसेसर ८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ (पुढे नुसता एम४), एक १८६५० लिथियम-आयन सेल, छोटं सोलर पॅनल आणि लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ). बॅटरीतून सरासरी १८ मिलिअँपिअर जातात. सलग पाच-सहा दिवस ऊन पडलं नाही की नोड मान टाकतो. आता लॅटिसचा आईसीई४० अल्ट्राप्लस हा छोटा एफपीजीए (आतली रचना हवी तशी पुन्हा बदलता येणारी चिप) जोडायचा, दिवसा त्यात प्रतिमेचं न्यूरल नेटवर्क आणि रात्री आवाजाचं, अशी रचना बदलत वापरायची असा बेत आहे. ऊर्जा वाचेल का, आणि किती, असा त्या गटाचा प्रश्न; उत्तरही त्यांनाच.

वाचेल. पण तुम्हाला वाटतं तिथे नाही. दिवसाच्या कामात एफपीजीएचा काडीचा उपयोग नाही, रात्रीच्या कामात आहे, आणि तोही आधी दुसऱ्या दोन गोष्टी केल्यावर.

ऊर्जेचा हिशेब मिलिअँपिअरमध्ये मांडला की फसायला होतं, म्हणून सगळं ज्यूलमध्ये आणू. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल, ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९.२५ वॉट-तास, म्हणजे ३३,३०० ज्यूल. सरासरी १८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साधारण ५,७५० ज्यूल. भागाकार करा, पावणेसहा दिवस येतात. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

हे ५,७५० जातात कुठे? एम४ पूर्ण वेगात ८ मिलिअँपिअर घेतो असं धरू, ३.३ व्होल्टवर २६ मिलिवॉट. ९६ बाय ९६ चा करडा फोटो, ७५ लाख गुणाकार-बेरजा, एका फोटोला साधारण एक सेकंद. म्हणजे फोटोमागे २६ मिलिज्यूल. बारा तासांत ७२ फोटो, एकूण १.९ ज्यूल. ५,७५० पैकी १.९! तुमचा अ‍ॅक्सिलरेटर (एकाच कामासाठी बांधलेलं सर्किट, इथे एफपीजीएतलं) शून्य ऊर्जेवर चालला असं मानलं, तरी वाचतो तीन हजारांत एक भाग. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये वेगाबद्दल जो नियम सांगितला तो ऊर्जेलाही तसाच लागतो: जो भाग मुळात लहान आहे, त्याला कितीही सुधारा, एकूण आकडा हलत नाही.

मोठा चोर कॅमेरा आहे. या वर्गातले साधे सीमॉस कॅमेरे चालू असताना ६० मिलिवॉटच्या आसपास घेतात. चोवीस तास चालू ठेवला तर ५,१८४ ज्यूल. तुमच्या सर्किटमध्ये कॅमेऱ्याच्या रेलवर (वीजपुरवठ्याच्या तारेवर) स्विच नाही, आणि स्टँडबायची पिन सरळ ग्राउंडला बांधलेली आहे, म्हणजे तो कधी झोपतच नाही. एक पी-चॅनल मॉसफेट स्विच म्हणून लावा, फोटोच्या आधी दोन सेकंद कॅमेरा जागा करा (एक्स्पोजर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो) आणि लगेच बंद करा. फोटोमागे १२० मिलिज्यूल. आणि दर दहा मिनिटांनी फोटो कशाला? करपा काही तासाभरात पसरत नाही. सकाळी आणि संध्याकाळी, ऊन तिरपं आणि मऊ असताना एकेक फोटो पुरतो. भर दुपारी पानाच्या चकाकीने मॉडेल तसंही गोंधळतं. मग दिवसाचं सगळं काम अर्ध्या ज्यूलच्या आत बसतं आणि एम४ वरच राहतं.

या नेटवर्कला एफपीजीएवर न नेण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या मॉडेलमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास वेट्स (नेटवर्कने शिकलेले आकडे) आहेत, ८ बिटांत सुमारे २२० किलोबाइट. तुम्ही घेणार त्या अल्ट्राप्लसच्या यूपी५के या चिपमध्ये मोठी रॅम आहे एक मेगाबिट, म्हणजे १२८ किलोबाइट. मावत नाही. मग प्रत्येक फोटोला वेट्स बाहेरच्या फ्लॅशमधून ओढावे लागतील, आणि अ‍ॅक्सिलरेटरने गणितात जे वाचवलं ते वाहतुकीत जाईल.

मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे मी नव्या मुलांना पाठ करायला लावतो. ३२ बिटांची पूर्णांक बेरीज ०.१ पिकोज्यूल. ८ बिटांचा गुणाकार ०.२ पिकोज्यूल. पण तीच बेरीज प्रोसेसरला सूचना देऊन करून घेतली, की सूचना आणणं, उलगडणं, रजिस्टर वाचणं आणि नियंत्रण धरून एका सूचनेमागे ७० पिकोज्यूलच्या घरात खर्च. एक फणी पोहोचवायला आख्खा ट्रक सावद्याहून दिल्लीला धाडावा तसं आहे हे. आणि बाहेरच्या डीरॅममधून शब्द आणायचा तर खर्च पिकोत राहत नाही, १.३ ते २.६ नॅनोज्यूलवर जातो. तुमचा एम४ वेगळ्या तंत्राचा आणि पुष्कळ साधा आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण त्यांच्यातली गुणोत्तरं डोक्यात असू द्या.

अ‍ॅक्सिलरेटरची सगळी किमया या ट्रकच्या भाड्यात आहे. सूचनाच नाहीत, त्यामुळे आणणं-उलगडणं नाही. एका गुणाकाराचा निकाल सरळ शेजारच्या बेरजेत जातो, मेमरीत जाऊन परत येत नाही. आणि आकडे हवे तेवढ्याच बिटांचे ठेवता येतात.

मग एफपीजीएच का, कायमची कोरलेली चिप का नाही? तोटा माहीत असूनच आपण एफपीजीए घेतो. इयान कुओन आणि जोनाथन रोझ यांनी याच तुलनेचा अभ्यास केला होता: नुसतं लॉजिक एफपीजीएमध्ये बांधलं, तर त्याच कामाच्या कोरीव चिपच्या मानाने डायनॅमिक वीज १२ ते १४ पट लागते. कारण प्रत्येक तार स्विचांच्या जाळ्यातून जाते आणि ते जाळं प्रत्येक वेळी चार्ज-डिस्चार्ज होतं. म्हणजे एका बाजूला सूचनांचा शेकडो पटींचा बोजा, दुसऱ्या बाजूला जाळ्याचा दहा-पंधरापटींचा. मधली जी फट उरते, ती आपली कमाई. यूपी५केमध्ये आठ तयार गुणक-संचायक ब्लॉक आहेत, ते कोरीवच असतात. गुणाकार त्यांच्यातून करा, लटमधून (एफपीजीएतल्या साध्या लॉजिक-तक्त्यांतून) गुणक बांधू नका, म्हणजे फट आणखी रुंदावते. प्रोसेसरचा काही भाग स्थिर आणि काही कामाप्रमाणे बदलता ठेवायचा ही कल्पना काही आजची नाही, जेराल्ड एस्ट्रिन यांनी ती १९६० मध्येच मांडली होती.

आता रात्र. इथे खरा प्रश्न आहे.

कॅमेरा आटोक्यात आला की उरलेला सगळ्यात मोठा खर्च आवाजाचा. दर सेकंदाला आवाजाची वैशिष्ट्यं काढायला एम४ चे साधारण ०.१५ सेकंद आणि २७ लाख गुणाकार-बेरजांच्या नेटवर्कला ०.३६ सेकंद. म्हणजे प्रोसेसर अर्धा वेळ जागा. सरासरी १३ मिलिवॉट, बारा तासांच्या रात्रीला ५६२ ज्यूल.

तेच काम यूपी५केवर मांडू. १२ मेगाहर्ट्झवर आठ गुणक, म्हणजे कागदावर सेकंदाला ९ कोटी ६० लाख गुणाकार. गुणक कधीच पूर्ण वेळ भरलेले राहत नाहीत, निम्मे धरा. नेटवर्क सुमारे ५६ मिलिसेकंदांत संपतं. तेव्हा ८ मिलिवॉट, वैशिष्ट्यं काढणारा भाग सतत चालून १ मिलिवॉट, आणि स्थिर करंट (चिप नुसती चालू असली तरी गळणारा) सुमारे ७५ मायक्रोअँपिअर, १.२ व्होल्टवर ०.०९ मिलिवॉट. वरची थोडी भर धरून सरासरी २ मिलिवॉट. रात्रीला ८६ ज्यूल. या नेटवर्कचे वेट्स ४० किलोबाइटच्या आत आहेत, त्यामुळे ते आतल्या रॅममध्ये आरामात बसतात, आणि म्हणूनच हा आकडा शक्य होतो.

पण यासाठी मायक्रोफोन सरळ एफपीजीएला जोडायला हवा. तुमच्या आकृतीत तो एम४ ला आहे आणि आवाजाचे नमुने एसपीआय या चिपांमधल्या जोडणीवरून पलीकडे जातात. तसं केलं तर एम४ ला झोपच मिळणार नाही, आणि ३.३ व्होल्टच्या पिना रात्रभर हलत राहतील. मायक्रोफोन एफपीजीएकडे, एफपीजीएकडून एम४ कडे फक्त एक इंटरप्टची तार. डुक्कर आहे असं वाटलं तरच एम४ उठेल, लोराचं पॅकेट पाठवेल, परत झोपेल. अ‍ॅक्सिलरेटरने प्रोसेसरला झोपू दिलं नाही तर तो अ‍ॅक्सिलरेटर नव्हे, आणखी एक ग्राहक.

आता रचना बदलण्याची किंमत. यूपी५केचा बिटस्ट्रीम (आतली रचना ठरवणारी फाइल) सुमारे १०४ किलोबाइटचा. शिवाय मोठ्या रॅममध्ये बिटस्ट्रीममधून सुरुवातीचे आकडे भरता येत नाहीत, त्यामुळे वेट्स प्रत्येक वेळी वेगळे भरावे लागतात. ते ४० किलोबाइट धरा. २० मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर साधारण ५८ मिलिसेकंद. फ्लॅश आणि बाकीचं मिळून ३० मिलिवॉट धरले तर १.७ मिलिज्यूल. दिवसातून दोनदा रचना बदलली तर हा खर्च नगण्य आहे. या चिपमध्ये फ्लॅशमधल्या चार रचनांपैकी हवी ती निवडून पुन्हा सुरू होण्याची सोयही आहे.

तरीही एक मोह होतो: सेकंदातले साडेनऊशे मिलिसेकंद एफपीजीएतलं नेटवर्क रिकामं आहे, मग तेवढा वेळ एफपीजीएची वीजच तोडू या. तोडू नका. प्रत्येक सेकंदाला १.७ मिलिज्यूल पुन्हा भरण्यात घालवाल, म्हणजे १.७ मिलिवॉट, आणि वाचवाल ०.०९ मिलिवॉट. १.७ ला ०.०९ ने भागा, १९ सेकंद येतात. त्याहून जास्त वेळ रिकामा राहणार असेल तरच वीज तोडणं परवडतं, नाहीतर क्लॉक थांबवून चिप तशीच ठेवायची. रीकॉन्फिगरेबल हार्डवेअरच्या कुठल्याही बेतात हा एक भागाकार आधी करायचा असतो. प्रोसेसर आणि एफपीजीए एकत्र असलेल्या झिंक-७०२० सारख्या मोठ्या चिपचा पूर्ण बिटस्ट्रीम ४ मेगाबाइटचा. प्रोसेसरच्या बाजूने सेकंदाला १४५ मेगाबाइटच्या वेगाने भरला तरी २८ मिलिसेकंद लागतात. तिथे अंशतः रचना बदलण्याची सोय आहे खरी, पण ती चिप वॉटच्या भाषेत बोलते. बागेत तिचं काम नाही. बिटस्ट्रीम स्वतःच्याच फ्लॅश पेशींत धरून ठेवणारे एफपीजीए हा दुसरा मार्ग आहे: मायक्रोचिपचे इग्लू नॅनो झोपेत २ मायक्रोवॉटपर्यंत खाली येतात आणि उठताना काही भरावं लागत नाही. त्यात गुणक ब्लॉक नाहीत, म्हणून नेटवर्कला ते जड जातात. पण नुसत्या फिल्टर-मोजणीच्या कामाला उत्तम.

हा १९ चा आकडा जानेवारीतला आहे बरं का. डेटाशीटमधला स्थिर करंट २५ अंशांचा असतो. गळती तापमानाबरोबर घातांकाने वाढते, ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये सावलीत ४५ अंश आणि उन्हातल्या बंद डब्यात ६५ सहज. चार वेळा दुप्पट म्हणजे सोळापट, ०.०९ चे जवळजवळ दीड मिलिवॉट! तेव्हा १९ सेकंदांची मर्यादा सव्वा सेकंदावर येते. तुमच्या बाबतीत दैव चांगलं आहे, कारण एफपीजीएचं काम रात्रीचं. म्हणून सकाळी त्याची १.२ व्होल्टची रेल पूर्ण तोडा, संध्याकाळी जोडा. आणि डबा काळा नको, पांढरा घ्या, खोडाच्या सावलीत बांधा. पुण्या-बंगळुरात वातानुकूलित बाकावर मोजलेले स्थिर करंटचे आकडे आपल्याकडच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे टिकत नाहीत.

आता माझा आक्षेप माझ्याच हिशेबावर. ५६२ विरुद्ध ८६ ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण एम४ ला आपण मूर्खासारखं वापरलं. नेटवर्क दर सेकंदाला चालवायची गरज नाही. आधी खालच्या पट्ट्यातली ऊर्जा बघा, काही हालचाल वाटली तरच नेटवर्क उठवा. मग शांत रात्री एम४ कडे उरतात ते वैशिष्ट्यांचे ०.१५ सेकंद, म्हणजे ४ मिलिवॉट. शिवाय काही कमी विजेच्या एम४ चिपांत क्लॉक २६ मेगाहर्ट्झवर आणला की कोअरचं व्होल्टेज १.२ वरून १.० करता येतं. डायनॅमिक ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून कोअरचा पुरवठा स्विचिंग रेग्युलेटरवर असेल तर त्यातही तीसेक टक्के सुटतात. (नुसता क्लॉक कमी करून व्होल्टेज तेच ठेवलं तर कामामागची ऊर्जा कमी होत नाही, काम फक्त रेंगाळतं. हा गैरसमज मुलाखतींत हमखास दिसतो.) दोन्ही मिळून ३ मिलिवॉटच्या जवळ, रात्रीचे १३० ज्यूल. एक रुपयाचंही नवं हार्डवेअर न घेता ५६२ चे १३० झाले.

मग एफपीजीए कशाला? वाऱ्यासाठी.

केळीच्या बागेत रात्री उभे राहिलेले असाल तर ठाऊक असेल: पानं फाटलेली असतात आणि जरा वारा सुटला की सगळी बाग फडफडते. रातकिडे वरच्या पट्ट्यात असतात, ते गाळता येतात. फडफड मात्र खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरते आणि तुमच्या ऊर्जेच्या उंबरठ्यावरून सतत आत येते. मे-जूनच्या वादळी रात्री नेटवर्क जवळजवळ दर सेकंदाला उठेल, आणि एम४ परत १३ मिलिवॉटवर जाईल. एफपीजीए अशा रात्रीही २ मिलिवॉटवरच राहतो. शांत रात्रीचा फरक एखाद्या मिलिवॉटचा, वाईट रात्रीचा अकरा. बॅटरी कधी सरासरीवर ठरवायची नसते, वाईट महिन्यावर ठरवायची असते.

एकूण बेरीज करू. मायक्रोफोन रात्रभरात सुमारे ४५ ज्यूल घेतो, दोन्ही बाजूंना सारखाच. फोटो, लोराची पॅकेटं आणि झोपेतला करंट मिळून ५ धरा. वाईट रात्रींच्या हिशेबाने एम४ चा नोड ६१२ ज्यूल, एफपीजीएचा १३६. दोन सेल घेतले, ६६,६०० ज्यूल, त्यातले तीस टक्के रेग्युलेटर, जुनेपणा आणि स्वतःहून होणाऱ्या गळतीला सोडले, की उरतात सुमारे ४६,६००. एम४ वर अडीच महिने. एफपीजीएवर अकरा महिने, म्हणजे मृगबागेची लागवड ते घड काढणी.

या अकरा महिन्यांमुळे सोलर पॅनलच काढून टाकता येतं, आणि माझ्या मते एफपीजीएचं खरं मोल तिथे आहे. केळी सहा महिन्यांची झाली की वर पानांचं छत होतं, खाली पॅनलला ऊन मिळत नाही. मग पॅनल उंच खांबावर न्यायचं, म्हणजे लांबून दिसायचं, आणि शेतातल्या केबलचं जे होतं ते त्याचं होणार. दुसरं, बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. डिस्चार्जला ६० पर्यंत चालतं. एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा पॅनल सगळ्यात जास्त वीज देतं, तेव्हाच चार्जिंग बंद ठेवावं लागतं. पॅनलच नसलं की चार्जरही नाही, त्याचा करंटही नाही, आणि वायरिंगमधला एक बिघाड कमी.

तुमच्या प्रकल्पात पाचच नोड असतील तर मात्र मी एफपीजीए लावणार नाही. कॅमेऱ्याला स्विच, एम४ वर गेटिंग (हालचाल वाटली तरच नेटवर्क उठवणं), २६ मेगाहर्ट्झ, आणि चार सेल जास्त, काम झालं. शंभर-दोनशे नोड लावायचे असतील आणि बागेत चार्जिंगला माणूस पाठवायचा नसेल, तर एफपीजीएचा खर्च आणि व्हेरिलॉगवर (एफपीजीएची रचना लिहायच्या भाषेवर) घालवलेले आठवडे वसूल होतात. जळगावच्या डाळ मिलांत सॉर्टेक्स यंत्रं (रंग बघून खराब दाणे वेगळे करणारी) बघितली असतील. अशा यंत्रांतही बऱ्याचदा एफपीजीए असतो, पण तो दाणा पडता पडता निर्णय घ्यायला. विजेची तिथे कुणाला फिकीर नाही. ते उदाहरण इथे लावू नका.

मोजणीबद्दल एकच गोष्ट नीट ऐका. विकास-बोर्डावर मोजू नका. त्यावर यूएसबीची चिप आणि एलईडी असतात, ते एफपीजीएहून जास्त खातात. प्रत्येक रेलमध्ये जंपर ठेवा: कॅमेरा, एफपीजीएचा कोअर, त्याच्या पिना, एम४, लोरा. जागेपणी एक ओहमचा शंट आणि स्कोप, झोपेत दहा ओहम. साधा मल्टीमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर स्वतःच इतकं व्होल्टेज खातो की एम४ उठताच रीसेट होतो, आणि तुम्ही कोडमध्ये दोष शोधत बसता.

एफपीजीएवर गेलातच तर योसिस, नेक्स्टपीएनआर आणि आइसस्टॉर्म ही मोफत साधनं या चिपला पुरेशी आहेत. पहिल्या दिवशी नेटवर्कला हात लावू नका. फक्त मायक्रोफोन, फिल्टर आणि खालच्या पट्ट्याची ऊर्जा एवढंच बांधा, इंटरप्टची तार एम४ ला द्या, आणि वारा असलेल्या रात्री बागेत ठेवून एम४ किती वेळा उठतो ते मोजा. तासाला दहा-वीस वेळा उठत असेल तर नेटवर्क एम४ वरच राहू द्या, एफपीजीए इग्लू नॅनोएवढा छोटा चालेल. हजार-दोन हजार वेळा उठत असेल तर आठही गुणक कामाला लावा.